उपचारमुक्त

आमच्या रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात लाल शाईनं तीन अक्षरं लिहायची असत, आर.एफ.टी. मराठी फॉर्मवर त्याला ‘उपचारमुक्त’ असा शब्द होता. पेशंटनं गोळ्यांची ठरलेली पाकिटं संपवली, डॉक्टरांनी तपासून सही केली, की त्याचं नाव चालू यादीतून निघायचं. महिन्याच्या बैठकीत नवे किती सापडले आणि मुक्त किती झाले, एवढंच विचारत. मुक्तांचा आकडा मोठा असला की त्या दिवशी चहाबरोबर बिस्किटं येत.

मी अवैद्यकीय सहायक होतो. आपण काय नाही हे पदाच्या नावातच सांगून टाकलेलं. गावात आम्हाला ‘लेप्रशीचे सायेब’ म्हणत. नोकरीला लागलो 1989 साली आणि अंबड तालुक्यातला गोदाकाठचा पट्टा माझ्याकडे आला. वडीगोद्रीवरून खाली शहागड, आजूबाजूला गोंदी, पाथरवाला आणि वस्त्या. शहागड म्हणजे नदीवरचा पूल. सोलापूर–धुळे रस्ता इथं गोदावरी ओलांडतो, जालना जिल्हा संपतो आणि पलीकडं बीडचा गेवराई तालुका लागतो. फाट्यावर चहाच्या टपऱ्या, हंगामात उसाच्या गाड्या, एरवी वाळूच्या. शनी अमावास्येला पलीकडच्या राक्षसभुवनला जाणारी गर्दी. त्या गर्दीच्या वाटेवर फडकं पसरून बसणाऱ्यांत आमचे जुने पेशंट हमखास दिसत. तेही मुक्तच.

काम असं की शाळांतून पोरांचे सदरे काढून पाठी बघायच्या, वस्त्यांवर घरोघर फिरायचं आणि फिकट चट्टा दिसला की तो बधिर आहे का ते तपासायचं. तपासायची रीत साधी होती. माणसाला डोळे मिटायला सांगायचं, बॉलपेनचं टोक हलकेच टेकवायचं, आणि जिथं लागलं तिथं त्यानं बोट ठेवायचं. चांगल्या कातडीवर बोट नेमकं येतं. चट्ट्याच्या कडेला ते अडखळतं, जरा इकडंतिकडं पडतं. मध्यात पेन टेकवला की माणूस डोळे मिटून तसाच बसून राहतो. आपण पेन टेकवलेला, आणि तो वाट बघतोय. त्या दोन-तीन सेकंदांत मला सगळं कळून चुकायचं, त्याला अजून काहीच कळलेलं नसायचं. मग डोळे उघडून विचारायचा, “का हो, लावलंच नाही का?”

त्या प्रश्नाची सवय मला शेवटपर्यंत झाली नाही.

मावशी मला 1991च्या उन्हाळ्यात सापडल्या. ‘सापडल्या’ हा आमच्या खात्याचा शब्द. त्या कुठं हरवलेल्या नव्हत्या. शहागडला नदीकडं उतरणाऱ्या वाटेवर भावाचं घर होतं, आणि घराच्या मागं त्यांची खोप. वय चाळिशीच्या आसपास. नवऱ्यानं माहेरी आणून सोडलेलं, भावानं टाकलं नाही पण घरातही घेतलं नाही. ताट वेगळं, तांब्या वेगळा, न्हाणीसुद्धा वेगळी. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं, डाव्या पायाच्या तळव्याला भोक पडून त्यात माती भरलेली. मी पेन काढला तशा त्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या सायेब. मला ठावं हाय. रगतपिती हाय ती.”

तेव्हा त्यांच्या प्रकारच्या रोगाला चोवीस पाकिटं लागत; ती बारावर आली नव्वदीच्या अखेरीस. महिन्याला एकदा माझ्यासमोर गोळ्या गिळायच्या, बाकीच्या रोज घरी. त्यातल्या क्लोफाझिमाइन नावाच्या गोळीनं कातडी काळी-तांबूस पडते. म्हणजे रोग आतून बरा होत असतो आणि माणूस बाहेरून जास्तच रोगी दिसायला लागतो. कित्येक जण याच पायरीवर गोळ्या नदीत टाकून मोकळे होत. मावशींनी टाकल्या नाहीत. भावजय म्हणायची, आधी गोरी तरी होती. मावशी म्हणायच्या, “गोरी व्हते तवा कोण इचारत व्हतं?”

1993 साली मी त्यांच्या नावापुढं लाल शाईनं लिहिलं आणि मोठ्या उत्साहानं सांगायला गेलो. म्हटलं, मावशी, सुटलात. त्या चुलीपुढं बसल्या होत्या. मान वर करून म्हणाल्या, “कशातनं?”

मला वाटलं, बाईला नीट कळलं नाही. म्हणून मी पुन्हा समजावून सांगितलं.

*

त्यानंतर माझा त्यांच्याशी कागदोपत्री संबंध उरला नाही. पण वाट तिकडूनच जायची. लूना उभी करून दोन मिनिटं थांबायचो, हातपाय बघायचो. हात बधिर असला की तवा, भाकरी, चहाचा पेला, निखारा, सगळंच वैरी असतं. चटका बसतो तो कळत नाही, मांस जळल्याचा वास येतो तेव्हा कळतो. मी सांगायचो, तव्याला फडकं घ्या, पेल्याला लाकडी मूठ बसवून घ्या, रोज अर्धा तास पाय पाण्यात ठेवून मेलेली कातडी दगडानं घासा आणि वरून तेल लावा. त्या हो म्हणायच्या. पाणी आणायला लांब जावं लागायचं, आणि तेलाचं तर विचारूच नका.

त्या भाकरी कशी थापायच्या ते मी बघितलं आहे. बोटं सरळ होत नसल्यामुळं पीठ तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं दाबत न्यायच्या, डाव्या हातानं परात फिरवत. भाकरी गोल यायची नाही, एका बाजूला जाड राहायची. पण फुगायची. फुगली की माझ्याकडं बघायच्या.

आणि चहा विचारायच्या.

आता हे सांगायला हवं. शेकडो गावांत, शाळांत, पारावर उभं राहून मी भाषण ठोकलं आहे की हा रोग एका ताटात जेवून होत नाही, पहिल्या काही गोळ्यांनंतर पेशंटपासून कुणाला धोका राहत नाही. घडीची चित्रं घेऊन फिरायचो मी. मावशींची तर चोवीस पाकिटं पूर्ण झालेली. तरी त्यांच्या हातचा चहा मी घेत नव्हतो. कधी ‘आत्ताच फाट्यावर घेतला’, कधी ‘पित्त झालंय’. एकदा तोंडाला येईल ते म्हणून गेलो, “आज संकष्टी आहे मावशी.”

त्या क्षणभर माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “सायेब, तुमच्यात बी संकष्टी अस्ती व्हय?”

मी ख्रिस्ती आहे हे सगळ्या शहागडला ठाऊक होतं.

मी खोटं बोललो याची लाज वाटलीच. पण खरी लाज दुसरी होती. रोगाची मला भीती नव्हती. डोक्यातलं शास्त्र पक्कं होतं. घशात जे अडकत होतं ते शास्त्राच्याही आधीचं होतं, आणि ते कुठून आलं हे मला चांगलं माहीत होतं. कारण आमच्या घराण्याची सगळी कहाणीच त्यावर उभी आहे.

आमचं मूळ जालन्याजवळच्या बेथेलचं. नारायण शेषाद्री हे मुंबईत 1843 साली बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही त्याच वाटेवर होता, पण अल्पवयीन म्हणून कोर्टानं त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. मिशनऱ्यांच्या घरी राहून आलेल्या त्या पोराला परत जातीत घ्यायचं की नाही, यावर मुंबईत केवढं रण माजलं. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याची बाजू घेतली आणि त्यापायी पुष्कळ सोसलं. भांडण शेवटी एकाच गोष्टीचं होतं, पोराला पंगतीत बसवायचं की नाही. इकडं थोरला भाऊ 1860च्या दशकात जालन्याला आला, निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि बेथेल हे गाव वसवलं. राहायला आली ती बहुतेक मांग आणि महार मंडळी. एका भावाला पंगतीत परत घ्यायला लोक तयार होईनात, आणि दुसरा आपण होऊन ज्यांना पंगतच नव्हती त्यांच्यात जाऊन बसला. शेषाद्री 1891 साली जहाजावर वारले, भर समुद्रात.

माझे खापरपणजोबा त्या वसणाऱ्यांपैकी. बेथेल म्हणजे देवाचं घर. याकोब घरातून पळाला, रानात दगड उशाला घेऊन झोपला, आणि जागा झाल्यावर त्यानं त्या जागेला हे नाव दिलं. आमचे लोक गावकुसाबाहेरून आले होते, दगड उशाला घेण्याची त्यांना सवय होती. आजी ही गोष्ट सांगायची, आणि तिला जोडूनच पैठणच्या नाथांची. नाथांनी श्राद्धाचं अन्न ब्राह्मणांच्या आधी महारांना वाढलं. तापल्या वाळवंटात रडणारं महाराचं पोर कडेवर घेतलं. ‘तीच गोदावरी रे,’ म्हणायची, ‘तुझ्या शहागडला जाते ती.’ येशूनं कोडी माणसाला हात लावला हेही ती त्याच दमात सांगून टाकायची. तिच्या लेखी ती एकच गोष्ट होती, गावं तेवढी वेगळी.

अशा आजीचा नातू, आणि संकष्टीचं निमित्त सांगतो.

*

2005च्या डिसेंबरअखेरच्या आकड्यावरून देशानं जाहीर केलं की कुष्ठरोग आता सार्वजनिक आरोग्याची समस्या उरलेली नाही, दहा हजारांमागं एकापेक्षा कमी रुग्ण. मोठी गोष्ट होती, मी खोटं म्हणणार नाही. त्यात माझ्या लूनाच्या चाकांचाही वाटा आहे. पण तो आकडा कसा निघतो हे आम्हाला ठाऊक होतं. त्यात फक्त गोळ्या चालू असलेले धरतात. ज्यांच्या गोळ्या संपल्या आणि बोटंही संपली, ते त्यात येत नाहीत. रोगी म्हणून मोजायचे नाहीत कारण बरे झाले, आणि धडधाकटांत कुणी धरत नाही कारण हात बघा. आमच्याही जागा हळूहळू भरणं बंद झालं. आम्हीही एका अर्थी उपचारमुक्त झालो.

पुढच्याच पावसाळ्यात, 2006च्या ऑगस्टात, जायकवाडी भरलं आणि नदीत पाणी सोडलं. पैठणपासून खाली काठाकाठानं पाणी घरांत शिरलं. शहागडला मी आरोग्य पथकाबरोबर पोचलो तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं, सगळीकडं गाळ आणि मेलेल्या कोंबड्यांचा वास. आमच्याकडं क्लोरीनच्या गोळ्या, जुलाबाची औषधं. दिवसभर पायपीट. उंचावरच्या शाळेत माणसं होती, कुणीतरी खिचडी वाटत होतं. मावशी तिथं नव्हत्या. विचारलं तर भावजय म्हणाली, “त्या येत नसत्यात मानसात.”

खोप वाहून गेली होती. वर चढणीला एका लिंबाच्या झाडाखाली त्या बसल्या होत्या, शेजारी दोन शेरडं. पडझडीचे पंचनामे करणारी मंडळी नुकतीच येऊन गेली होती. मावशींचं नाव त्यांनी लिहिलं नव्हतं. जागा भावाची, घर भावाच्या नावावर, खोपेची नोंद कुठंच नाही. रेशन कार्डावरून नवऱ्यानं केव्हाच कमी केलेलं. आणि आमच्या रजिस्टरमधून मीच काढलेलं. एवढ्या सगळ्या याद्यांतून ही बाई नेमकी निसटली होती, आणि प्रत्येक यादीवाल्याचं कारण आपापल्या जागी बरोबर होतं.

मी पाय बघायला वाकलो. पायाचं बघून झालं तशा त्या म्हणाल्या, “खाल्लं का काही?” आणि मला काही सुचेना. पित्त सुचलं नाही, संकष्टी तर नाहीच. सकाळी सहाला जालन्यातून निघालो होतो, पोटात काही नव्हतं. म्हटलं, नाही.

त्यांनी पदराच्या गाठोड्यातून भाकरी काढली. आदल्या दिवशीची, कडक झालेली. बोटांनी मोडणं शक्य नव्हतं. त्यांनी ती गुडघ्यावर ठेवली, एका मनगटानं दाबून धरली आणि दुसऱ्या हाताची वळलेली बोटं आकड्यासारखी कडेत घालून ओढली. ती मधोमध तुटली नाही. मोठा तुकडा माझ्याकडं आला. मी आधी काय पाहिलं असेल, तर त्यांच्या तळहातावरचा फोड; पोटात भूक असतानाही नजर खात्याचीच. मग खाल्ली. ज्वारीची होती, जाड, एका बाजूला कच्ची. मी ती भुकेपोटी खाल्ली, हे नोंदवून ठेवतो. प्रेमापोटी किंवा तत्त्वापोटी नव्हे. त्याचं श्रेय मला घेता येणार नाही. त्या मात्र माझं खाणं बघत बसल्या होत्या, भाकरी फुगल्यावर बघायच्या तसं.

*

कृपा हा शब्द आपण वापरून वापरून गुळगुळीत केलेला आहे. अर्जावर ‘कृपया’, लग्नपत्रिकेवर कुलस्वामिनीची कृपा, आणि साहेबाची कृपादृष्टी असली तर बदली थांबते. आम्हा ख्रिस्ती मंडळींचं तर विचारू नका. प्रार्थनेत दर दुसऱ्या वाक्याला कृपा. केडगावला पंडिता रमाबाईंनी समाजानं पतित ठरवलेल्या बायकांसाठी जे घर काढलं त्याचं नावच कृपासदन ठेवलं, तिथं तो शब्द अंगावर कष्ट घेऊन उभा होता. एरवी आमच्याकडं कृपा म्हणजे प्रमाणपत्रासारखी वस्तू झाली आहे. चांगलं वागावं आणि मिळवावी.

पुराच्या त्याच वर्षी, नाताळाआधीच्या एका रविवारी आमच्या पाळकांनी मफीबोशेथवर उपदेश केला. हे नाव आमच्यातही फार जणांना माहीत नसतं. शौल राजाचा नातू, योनाथानाचा मुलगा. लढाईत बाप आणि आजा पडल्याची बातमी आली तेव्हा हा पाच वर्षांचा होता. दाई त्याला उचलून पळाली, घाईत तो पडला आणि दोन्ही पायांनी अधू झाला. चूक त्याची नव्हती आणि खरं तर दाईचीही नव्हती, ती त्याला वाचवायलाच पळत होती. पुढं तो लो-दबार नावाच्या कुठल्यातरी आडगावी दुसऱ्याच्या घरी दडून वाढला. जुन्या राजाचा वंशज, नवा राजा केव्हाही मान उडवेल या भीतीत. दावीद राजा मात्र विचारतो, शौलाच्या घराण्यात कुणी उरलंय का, मला त्याच्यावर दया करायची आहे. मफीबोशेथला बोलावून आणतात. तो स्वतःला मेलेलं कुत्रं म्हणवून घेतो. दावीद त्याला आजोबाची जमीन परत देतो आणि म्हणतो, तू रोज माझ्या मेजावर जेवायचं.

पाळकसाहेबांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून गेली नाही. तो अध्याय जिथं संपतो तिथं पुन्हा एकदा लिहिलं आहे की हा माणूस दोन्ही पायांनी लंगडा होता. म्हणजे राजाच्या मेजावर बसल्यावर त्याचे पाय बरे झाले नाहीत. शास्त्र लिहिणाऱ्याला ते बरे करून टाकणं अवघड नव्हतं, चमत्कारांचं पुस्तक आहे. त्यानं केले नाहीत. पाळकसाहेब म्हणाले, मेजाखाली पाय झाकले जातात, कृपा अशी आपले पाय झाकते. सगळ्यांना ते आवडलं.

मला तिथं बसल्या बसल्या आमचं सगळं खातं दिसत होतं. आधी बरा हो, मग जवळ घेऊ. आम्ही लोकांना हेच शिकवत होतो. ‘घाबरू नका, हा आता बरा झाला आहे’ हे आमचं घोषवाक्य. शुभवर्तमानातल्या गोष्टीत क्रम उलटा आहे. तो कोडी माणूस रस्त्यात येतो, येशू हात लांब करून त्याला शिवतो, आणि मग तो शुद्ध होतो. शिवला तेव्हा कातडी तशीच होती. मी लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आलो, सतरा वर्षं ह्याच रोगात काम केलं, आणि क्रमाकडं माझं लक्ष गेलं नव्हतं. मिशनांनीही पुष्कळ केलं. वेलस्ली बेली यांनी 1874 साली कुष्ठरुग्णांसाठी मिशन काढलं, मिरजेला आणि अमरावतीकडं कोठाऱ्याला दवाखाने उभे राहिले, बोटं सरळ करायच्या शस्त्रक्रिया झाल्या. ज्यांच्याजवळ कुणी फिरकत नव्हतं त्यांच्या जखमा त्या लोकांनी धुतल्या. पण आवाराला भिंत होती. बाहेर सरकारचा 1898चा कायदा होता, भीक मागणाऱ्या रोग्याला धरून कोंडायला, आणि तो पुसायला 2016 साल उजाडलं. ओसरीपर्यंत आपण सगळेच येतो, पंगतीचं निघालं की थबकतो.

आणि दाविदाचंही एक आहे, जे कुणी उपदेशात सांगत नाही. पुढं सीबा नावाचा चाकर मफीबोशेथची चहाडी करतो, आणि दावीद काही न विचारता सगळी जमीन त्या चाकराला देऊन टाकतो. नंतर खरं कळल्यावर अर्धीअर्धी वाटून घ्या म्हणतो. राजाची कृपा तशी पातळच. मफीबोशेथ म्हणतो, सगळीच त्याला घेऊ द्या, तुम्ही सुखरूप परत आलात ना. हे बोलणारा माणूस मला दाविदापेक्षा मोठा वाटतो. अर्धी भाकरी मोडताना मोठा तुकडा समोरच्याला देणाऱ्यांतला.

*

मावशींना खोप परत मिळाली. कुणाच्या यादीतून नव्हे. भाच्यानं चार पत्रे घातले. मी एक वेगळी वही केली. त्यात शहागड पट्ट्यातले उपचारमुक्त लिहिले, म्हणजे ज्यांची नावं मी स्वतः कापली होती ते, पायाच्या मापासकट. खात्याकडून एम.सी.आर. चपला येत, आत मऊ रबर असलेल्या, बधिर पायाला जखम होऊ नये म्हणून. त्या द्यायला मापं लागतात, आणि मापं घ्यायला माणूस यादीत असावा लागतो. वहीला सरकारी किंमत शून्य. पण जालन्यात ती दाखवली की चपला मिळायच्या. तिथला कारागीर भला होता.

2010च्या डिसेंबरात मावशी चपलांसाठी एस.टी.नं जालन्याला आल्या. आमच्या मंडळीचं त्या दिवशी नाताळाचं प्रीतिभोजन होतं. म्हटलं, जेवून जा. त्यांनी बाप्तिस्मा घेतलेला नव्हता, पुढंही घेतला नाही, मीही कधी विचारलं नाही. त्या शनीला जात आणि माझ्या येशूलाही हात जोडत, दोघांचंही आपल्याला काही वाईट नाही म्हणत. प्रीतिभोजन सगळ्यांसाठी असतं असं आम्ही म्हणतो. किती सगळ्यांसाठी, ते त्या दिवशी बघायचं होतं.

आवारात सतरंज्या अंथरल्या होत्या, पत्रावळी मांडलेल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्या पाळकांचा दृष्टांत इथं चालायचा नाही. दाविदाकडं मेज होतं. आमच्याकडं पंगत, आणि पंगतीत पाय झाकले जात नाहीत. मांडी घालून बसलं की तळवे सगळ्यांसमोर. मावशींना तर मांडी घालताच येत नव्हती. डावा पाय लांब करून त्या बसल्या, नवी चप्पल काढून शेजारी ठेवली. पट्टी बांधलेला तळवा थेट समोरच्या ओळीकडं. समोरच्या दोन बाया उठून दुसरीकडं गेल्या. एकीनं जाताना ‘ऊन लागतंय’ म्हटलं. मला माझी संकष्टी आठवली, मी काही बोललो नाही.

वाढणारा पोरगा आला. भात त्यानं वीतभर उंचीवरून टाकला, वरण त्याहून उंचावरून. थोडं सांडलं. मावशींना हे सवयीचं होतं. त्यांनी पत्रावळ दोन्ही मनगटांनी पुढं सरकवली, नेम धरायला त्याला सोपं जावं म्हणून. मी त्यांच्या उजवीकडं बसलो होतो. डावीकडं माझ्या चुलतभावाचा नातू, सहा वर्षांचा. तो कधीचा त्यांच्या हाताकडं बघत होता.

“आजी, तुझी बोटं कुठं गेली?”

त्याची आई लगेच दटावायला लागली. मावशी म्हणाल्या, “झिजली रं. भाकऱ्या थापून थापून.”

पोरगा विचारात पडला. मग म्हणाला, “माझी आई पण थापते. तिची तर आहेत.”

“तुजी आई कमी थापत आसंल.”

आजूबाजूचे हसले, आईसुद्धा. प्रार्थना झाली, लोक जेवायला लागले. मावशी भात मनगटाच्या आधारानं एका बाजूला ओढून घेत होत्या, पण वाटीतलं मीठ चिमटीत यायला चिमूटच नव्हती. पोरानं ते बघितलं. त्यानं न विचारता आपली पाची बोटं मिठात घातली आणि मूठभर मीठ त्यांच्या भातावर सोडलं. त्याची बोटं वरणानं ओली होती, ती त्यानं त्यांच्याच पत्रावळीला पुसली.

मावशींनी एक घास घेतला, तोंड वाकडं केलं.

“लई टाकलंस की रं,” त्या म्हणाल्या, आणि खाली घालायच्या ऐवजी त्यातलं खारट झालेलं सगळं एका कडेला सारून पुढचा घास भरू लागल्या.